पावलांचे बोल : कोल्हापुरात दोन दिवस

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापूरच्या फलाटाला लागली, तेव्हा आमच्या चौघांत सगळ्यांत आधी खाली उतरली ती आमची आई. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे दुखरे, पण कोल्हापूर आले म्हटल्यावर तिला थांबवणार कोण? "पाय चालत्यात तवर एकदा बिंदू चौक आन् माणगाव बघून येऊ," असा तिचा धोशा दोन वर्षे चालू होता. रजा, पोरांच्या परीक्षा, घराचे हप्ते यांत ते मागे पडत गेले. यंदा फेब्रुवारीत मात्र आम्ही दोघांनी रजा टाकली. पुण्याला मध्यरात्री पुतणी गाडीत चढली आणि आमचा हा लहानसा जथा पूर्ण झाला.

पुतणीची ओळख करून द्यायला हवी, कारण या लेखाचे निमित्त तीच आहे. मुलगी नर्सिंग शिकली आणि आता पुण्यात जपानी भाषा शिकते आहे. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी आणि त्यांची देखभाल करणारे हात कमी, म्हणून आपल्याकडच्या मुलामुलींना तिकडे अशी कामे मिळू लागली आहेत. त्याबद्दल भारत आणि जपान यांच्यात २०२१ साली करारही झाला. जपान तसा आपल्या समाजाला परका नाही. नागपूरच्या भदंत सुरई ससाई यांच्यामुळे त्या देशाचे नाव आपल्या घराघरांत आहे. पण आपल्या घरातली पोर तिकडे जाऊन कोणाच्या तरी आजीला हात देऊन उठवणार, ही गोष्ट आम्हाला अजून नवी वाटते.

गाडीत तिच्या मांडीवर एक वही होती. त्यात चालण्याचे शब्द लिहिले होते. नुसते चालण्याचे! आम्ही विचारले, तर म्हणाली, "काका, तिथल्या वृद्धाश्रमात रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते, आजोबा आज कसे चालले. काल सुतासुता चालले आणि आज योरोयोरो चालले, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. आम्हाला बाईंनी सांगितलंय, दहा माणसांचं चालणं बघून त्यांना शब्द लावून आणा."

मग तिने वही वाचून दाखवली. योरोयोरो म्हणजे आता पडेल की मग पडेल असे झोकांड्या खात चालणे. सुतासुता म्हणजे इकडेतिकडे न बघता झपाझप. तोबोतोबो म्हणजे मन खचलेले, मान खाली, पाय उचलता उचलत नाही असे चालणे. तेकुतेकु म्हणजे लांबचा पल्ला एकाच चालीने तोडत जाणे. बुराबुरा म्हणजे काही काम नसताना रमतगमत फिरणे, आणि उरोउरो म्हणजे कुठे जावे ते न सुचून तिथल्या तिथे घोटाळणे. नुकते पाऊल टाकायला शिकलेल्या बाळाचे चालणे योचियोचि. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, तिथूनच म्हणाली, "म्हंजे आपलं दुडुदुडु. त्यात पैसं भरून शिकायचं काय?"

आम्ही हसलो खरे, पण आईचे बोलणे डोक्यात राहिले.

स्टेशनावरून रिक्षाने दसरा चौकात आलो. तिथे छत्रपती शाहू महाराजांचा पुतळा आहे. या शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते महाराजांमुळे. १९०१ सालापासून त्यांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, त्यात अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली सुरू झालेले मिस क्लार्क वसतिगृह होते. २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला. हे वाचकांना ठाऊकच आहे. आम्ही पुतळ्याला वंदन केले आणि समोरच्या गाड्यावर चहा सांगितला. पुतणीने वही उघडली. दहा माणसे हवी होती ना!

सकाळची वेळ होती. एक पैलवान तालमीतून परत चालला होता, हात अंगापासून फाकलेले, पावले सावकाश. आपण म्हणू डुलतडुलत. पोरीने लिहिले नोशिनोशि. भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई लगालगा गेली. दोन शाळकरी मुली तुरुतुरु. एक गृहस्थ बायकोवर चिडलेले असावेत, ते पुढे तरातरा आणि बाई मागे रखडतरखडत. एक तरुण काहीही काम नसल्यासारखा मोबाईल बघत घुटमळत होता, त्याला उरोउरो मिळाले. ज्या शब्दाला जपानी जोडीदार सापडेल त्यापुढे ती बरोबरची खूण करी आणि सापडला नाही की आमच्याकडे बघे. आम्ही तिघे मिळून नुसते मराठी शब्द सांगत सुटलो : भरभर, झपझप, धपधप, लुटुलुटु, ठुमकत, लटपटत, खुरडत, फरफटत, ठेचकाळत. चहा गार झाला. चहावाल्या दादांनी त्यात भर घातली, "आन् फेंगडं? फेंगडं ऱ्हायलं की!"

आपण शाळेत व्याकरणात 'अभ्यस्त शब्द' शिकलो होतो, त्यांत एक प्रकार अनुकरणवाचक. खळखळ, गडगड, किरकिर असे शब्द पाठ करून दोन गुण मिळवायचे आणि विसरून जायचे. पण नीट पाहिले तर त्यातही दोन तऱ्हा आहेत. धपधप, खटखट, टकटक हे कानाला ऐकू येणारे आवाज आहेत. तुरुतुरु आणि दुडुदुडु यांत आवाज कुठे आहे? बाळ दुडुदुडु धावते तेव्हा 'दुडु' असे काही वाजत नाही. तो डोळ्यांना दिसलेल्या हालचालीचा केलेला शब्द आहे. जपानी लोकांनी या दोन तऱ्हांना वेगळी नावेच ठेवली आहेत, आवाजाच्या शब्दांना गिओंगो आणि हालचालीच्या, अवस्थेच्या शब्दांना गिताइगो. पुतणीने आणखी एक गंमत सांगितली. त्यांच्याकडे हलकी पावले असली की क, त अशी अक्षरे येतात आणि जड पावले असली की ग, द. पिल्लू किंवा पोर चालते ते तोकोतोको, आणि माणसांचा घोळका पाय आपटत घरात घुसला की दोकादोका. आपल्याकडेही टपटप हलके आणि धपधप, दाणदाण जड. नियम पुरता लागू पडत नाही, कारण आपले दुडुदुडु 'द' असूनही लोण्यासारखे हलके आहे. पण भाषा ही काही लष्करातली शिपायांची रांग नव्हे.

कोल्हापुरातून थोडे पुढे गेले की कानडी मुलूख लागतो. तिकडेही असेच दुहेरी शब्द भरपूर. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिले की भारतातल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भाषांची कुळे वेगळी असली तरी असे शब्द दोन्हींत सारखेच पसरलेले आहेत. लोक शेजारी राहिले, बाजारात भेटले, एकमेकांचे शब्द उचलत गेले. आम्हाला एवढेच दिसते की हे शब्द आया, मुले आणि राबणारी माणसे यांच्या तोंडी जास्त असतात. सरकारी अर्जात 'तुरुतुरु' कधी सापडणार नाही.

दसरा चौकातून बिंदू चौक लांब नाही. आईचा हात धरून आम्ही सावकाश निघालो. महात्मा जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे तिथे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ते झाले. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला त्यांचा हा पुतळा! आज गावोगावी पुतळे आहेत, पण त्या काळी चौकात, भर रस्त्यावर, फुले आणि बाबासाहेब शेजारीशेजारी उभे करायला काय छाती लागली असेल, याचा विचार केला पाहिजे.

आईने वाकून नमस्कार केला, पुढे होऊन फुले वाहिली आणि परत आली. पुतणी तिच्याकडे बघत होती. म्हणाली, "आजी, तुझं चालणं कुठल्याच शब्दात बसत नाही गं. तुझ्या पावलांचा आवाजच येत नाही. चप्पल घालूनसुद्धा."

हे खरे होते. आणि आम्ही इतकी वर्षे एका खोलीत राहून ते कधी ध्यानात घेतले नव्हते. लहानपणी आई मागे येऊन उभी राहिली तरी आम्हाला कळत नसे. अभ्यास सोडून गप्पा मारताना पाठीत धपाटा बसला की मग कळे. आम्ही समजत होतो, ती आम्हाला पकडायलाच हळू येते.

आई चौकातल्या कट्ट्यावर टेकली. म्हणाली, "वाजायचं कसं? सवयच न्हाई लावली आमच्या बा नं."

मग तिने जे सांगितले ते आम्ही आमच्या शब्दांत लिहितो. गावाचे नाव लिहीत नाही. आज त्या गावात आमचे लोक सरपंच झालेले आहेत आणि जुन्या माणसांतले कोणी उरलेले नाही.

आई आठ-नऊ वर्षांची होती. म्हणजे १९५४ च्या आसपासची गोष्ट. राज्यघटना लागू होऊन चार वर्षे झाली होती. अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा १९५५ साली यायचा होता. आईच्या वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी कोल्हापुरातून पायताणांचा एक जोड आणला होता. कर्रकर्र वाजणारा. इकडे चप्पल म्हणत नाहीत, पायताण म्हणतात, आणि भांडणात त्याच नावाने दम देतात. तर ते पायताण घालून गावातल्या मोठ्या गल्लीतून जायची आपल्या माणसांना मुभा नव्हती. गल्ली आली की पायातले काढून हातात घ्यायचे, गल्ली संपली की पुन्हा घालायचे. एके रात्री ते लग्नाच्या कामावरून परत येत होते. अंधार होता, डोक्यात विचार होते, काढायचे राहून गेले.

"अंधारात माणूस दिसत न्हवता," आई म्हणाली, "पायताण बोललं."

आवाज ऐकून वाड्यातली माणसे बाहेर आली. तो जोड त्यांच्या डोक्यावर ठेवायला लावला आणि तसेच चालवत ओढ्यापर्यंत नेले. मारले नाही. एवढेच केले.

त्यानंतर त्यांनी गावात तो जोड घातला नाही. पण संध्याकाळी जेवणे झाली की ओढ्याच्या अलीकडे, आपल्या वस्तीपुढे, ते पायांत घालून येरझाऱ्या घालत. पोरे दारात बसून ऐकत. कर्रकर्र इकडून तिकडे, कर्रकर्र तिकडून इकडे. आणि पोरांना मात्र सांगत, गावात पाऊल वाजवू नका. आई ते शिकली आणि मुंबईला सून म्हणून आली तेव्हा तेच पाऊल घेऊन आली.

आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसे. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो. का सांगितली नाहीस विचारले, तर म्हणाली, "इचारलं कुनी?"

कातड्याचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर आणला की डोके सुन्न होते. गावात गुरू मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे. कातडे कमावण्याचे काम ढोराचे. त्याचे पायताण शिवण्याचे काम चांभाराचे. तिघांचे हात लागून वस्तू तयार होई आणि तिघांनाही ती घालून गल्लीतून चालता येत नसे. मेलेली गुरे ओढणे सोडा, मेलेल्याचे मांस खाणे सोडा, असे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी का सांगितले, ते आईच्या त्या एका गोष्टीत आम्हाला दिसले.

"मला तसलं पायताण घ्यायचंय," आई म्हणाली. "वाजणारं."

शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन आहे. दुतर्फा दुकाने, दारात झुंबरासारखे लोंबणारे जोड. पहिल्या दुकानदाराने मऊ तळाची, रबर लावलेली, रंगीत अशी दहाबारा काढून दाखवली. आईने एकेक उचलली, वाकवली, कानाशी नेली आणि खाली ठेवली. दुकानदार हसून म्हणाला, "आज्जी, वाजणारं आता कोन मागत न्हाई. हापिसात वाजलं की लोक बघत्यात म्हनं." तिसऱ्या दुकानात कोणीतरी सुभाषनगरचा पत्ता दिला. तिकडे कारागिरांची घरे आहेत.

ज्या घरी गेलो तिथे ओसरीवर एक मामा तळ कापत होते. घरातल्या दोघी सासूसुना बारीक वादीची वेणी घालत बसल्या होत्या. पायताणावरची ती नाजूक वेणी बहुधा बायकांच्या हातची असते, पण दुकानात नाव पुरुषाचेच चालते. मामांनी काम न थांबवता सगळे सांगितले. कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, रसायनात नाही. तळाचे थर एकावर एक ठेवून कातड्याच्याच वादीने शिवतात, खिळा लावत नाहीत. अंगठा, पट्टा, बाजूचे कान आणि वर गोंडा. कापशी म्हणून प्रसिद्ध असलेली तऱ्हा कागल तालुक्यातल्या कापशी गावच्या नावाची. गोरक्षणाचा कायदा २०१५ साली कडक झाल्यापासून कातडे मिळायची अडचण वाढली, हेही त्यांनी सांगितले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

आणि आवाज? मामांनी रापी खाली ठेवली. "कोरडं कातडं कातड्यावर घासलं की बोलतंच. पर चांगलं बोलायला पायजे आसल तर दोन थरांत विंचू घालायचा." पुतणी दचकली. मामा हसले. विंचू म्हणजे झाडाचे एक बी. ते तळाच्या थरांमध्ये ठेवून शिवले की पाऊल दाबले जाताना कर्र वाजते. तेल फार पाजले की आवाज मरतो.

नवा जोड करायला दिवस लागले असते आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी निघायचे होते. मामांनी आतून एक जोड आणला. लग्नासाठी कोणी सांगितलेला, पण गिऱ्हाईक न्यायला आलेच नव्हते. पुरुषाचा जोड, आईच्या पायाला बोटभर मोठा. आम्ही म्हणालो, राहू दे, पुढच्या वेळी माप देऊ. आईने पाय आत घातला होता. किंमत बावीसशे सांगितली. मेथीच्या जुडीला दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय न हलणारी आमची आई, तिने कमरेच्या पिशवीतून मुकाट्याने पैसे काढले.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलान शहरातल्या प्रदर्शनात असेच पायताण आपले म्हणून दाखवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. नंतर कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय कारागिरांची. या वस्तूला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्याच जिल्ह्यांचा त्या नावावर हक्क आहे. मामांना त्याबद्दल विचारले. म्हणाले, "टीव्हीवाले आले व्हते. वेणी कशी घालत्यात ते बघून गेले." आई म्हणाली, "साहेबानं घातलं तवा जगाला दिसलं व्हय!"

रिक्षात पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, जपानमध्येही असेच आहे. तिथे गेता म्हणून लाकडी पादत्राण असते, ते घालून चालले की काराङ्कोरोन असा आवाज होतो, आणि तो शब्द जपानी लोकांना फार आवडतो, उन्हाळी जत्रेची आठवण म्हणून. पण सेत्ता नावाचे दुसरे एक असते, तळाला कातडे आणि टाचेला लोखंडाची पट्टी, ते चाराचारा वाजते. ते बनवणारे लोक बुराकू वस्त्यांतले. गुरे कापणे, कातडी कमावणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी, म्हणून ते अपवित्र, म्हणून त्यांची वस्ती वेगळी. १८७१ साली सरकारने हुकूम काढून हा भेद रद्द केला. तरी लग्न ठरवताना आणि नोकरी देताना मूळ गाव शोधणे पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिले. या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात आपली संघटना उभारली, सुइहेइशा. पाण्याच्या पातळीसारखे सगळे समान, असा त्या नावाचा भाव. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. त्यांना आपले ठाऊक नव्हते, आपल्याला त्यांचे ठाऊक नव्हते, आणि कातडे मात्र दोन्हीकडे एकच.

"हे वर्गात शिकवतात?" आम्ही विचारले.

"नाही काका. मी शोधून वाचलं. ज्या देशात राहायला जायचं, तिथे आपल्यासारखं कोण आहे ते बघायला नको?"

रात्री लॉजवर आईचे पाय शेकत असताना विषय निघाला तो धम्माचा. विनयपिटकातल्या महावग्गात चर्माचा एक स्वतंत्र खंधक आहे, चम्मक्खन्धक. सोण कोळिविस नावाचा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला. पाय इतके नाजूक, की चंक्रमण करताकरता रक्त आले. वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, हा दृष्टान्त भगवंतांनी त्यालाच दिला आणि त्यानंतर भिक्खूंना एका थराची वहाण वापरायला परवानगी दिली. आपली 'वहाण' त्या पाली 'उपाहन' शब्दाचीच लेक. याच खंधकात पुढे सहा खोडकर भिक्खूंची गोष्ट येते. ते पहाटे लाकडी पादुका घालून उघड्यावर येरझाऱ्या घालीत आणि मोठमोठ्याने गप्पा मारीत. ध्यानाला बसलेल्यांचे लक्ष उडे, पायाखाली किडेमुंग्या मरत. भगवंतांनी लाकडी पादुका बंद केल्या. त्या आवाजाला पालीत शब्द वापरला आहे 'खटखट'. आपण आज वापरतो तोच! ज्या भाषेत भगवंतांचे बोल जपले गेले त्या भाषेतही पावलाला खटखट म्हणायचा संकोच नव्हता.

पुतणी हसून म्हणाली, "म्हणजे आजीचं पायताण नियमात बसत नाही."

"लाकडाचं कुटं हाय हे?" आई म्हणाली.

आणि तिचेच खरे. त्याच खंधकात अवंती-दक्षिणापथाकडच्या भिक्खूंची अडचण आली आहे. तिकडची जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. म्हणून अशा सीमाभागांत अनेक थरांची वहाण चालेल, असे भगवंतांनी सांगितले. आपल्या इकडच्या मातीचेच हे वर्णन वाटते. माणसाचा पाय आणि पायाखालची जमीन बघून नियम सैल करणारा शास्ता, हे आम्हाला फार मोठे वाटते. पायाकडे न बघता जात बघून वहाण काढायला लावणारा धर्म आमच्या आजोबांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला गेलो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी इथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. वय अवघे २८. त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला होता आणि त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. महाराज स्वतः परिषदेला आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. गावचे जैन पाटील आप्पासाहेब यांनी पुढाकार घेतला होता, हेही विसरता कामा नये. सगळ्याच गावांच्या सगळ्याच गल्ल्या सारख्या नव्हत्या.

आईचे आजोबा त्या परिषदेला चालत गेले होते, असे घरात सांगत आले आहेत. बरोबर वस्तीतली दहाबारा माणसे, फडक्यात भाकरी, रात्रभर वाट. पुतणीने वही काढली. एकामागून एक माणसे लोंढ्याने जातात त्याला जपानीत झोरोझोरो म्हणतात. एकच माणूस लांबची वाट नेटाने तोडतो त्याला तेकुतेकु. यांतला कोणता लिहू? आईने थोडा विचार केला. "दोनी लिव्ह. आन् लिव्ह की अनवानी व्हते."

स्मारकाच्या आवारात आईने पिशवीतून नवा जोड काढून पायांत घातला. आम्ही कान देऊन उभे. पहिले पाऊल, काही नाही. दुसरे, कर्र. तिसरे, काही नाही. चौथे, कर्र. डावीच वाजत होती, उजवी गप्प! आम्हाला हसू आवरेना. मामांना फोन लावला, तर म्हणाले, "पाय बसला की खुलंल उजवी. आट दिस घालू द्या आज्जीला." आई तशीच एका पायाने वाजत बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत गेली, बाहेर पायताण काढून ठेवले, आत जाऊन वंदना केली, परत आली आणि पुन्हा घालून आवाराला एक फेरी मारली. ती फेरी गुडघ्यांसाठी बरी नव्हती. आम्ही काही बोललो नाही. पुतणीने वहीत दहाव्या माणसापुढची जागा रिकामी ठेवली होती, तिथे तिने मराठीतच 'कर्र' लिहिले. बाईंना काय सांगायचे ते बघू म्हणाली.

आता मुंबईला येऊन तीन आठवडे झाले. आई रविवारी विहारात जाते तेव्हा तोच जोड घालते. एरवी अंगठ्याला लागते म्हणून नेहमीची स्लीपर. चाळीच्या गॅलरीतून ती निघाली की आम्हाला घरात बसून कळते, कुठवर गेली ते. नळापाशी, जिन्यापाशी, खाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारले, सकाळीसकाळी काय वाजते? आईने त्यांना जोड दाखवला आणि तासभर बसवून ठेवले. उजवी अजून गप्पच आहे. गोंड्याजवळची वादीही सैल झाली आहे. नाक्यावरचे गटई कामगार शिवून द्यायला तयार आहेत, पण आईचे म्हणणे पडले की ती कोल्हापूरलाच न्यायची.